निर्यात आणि परदेशी गुंतवणूक: प्रादेशिक व्यापार संस्थेचं काम, पायरीपायरीने

परदेशातल्या एका खरेदीदाराचा मेल येतो. चार ओळींचा. या वस्तूचे दहा हजार नग हवेत, एका खोक्यात किती बसतात, खोक्याची लांबी-रुंदी-उंची किती आणि पहिला माल किती दिवसांत निघेल? व्यापार संस्थेतला कर्मचारी तो मेल जसाच्या तसा पंधरा कारखान्यांना पुढे पाठवतो आणि वहीत ‘चौकशी पोहोचवली’ अशी नोंद करतो. पंधरापैकी चौघे उत्तर देतात. तिघे किंमत कळवतात, पण खोक्याचं माप कळवत नाहीत. चौथा नुसता कॅटलॉग पाठवतो. खरेदीदार पुन्हा मेल करत नाही, कारण दुसऱ्या कुणीतरी त्याला माप कळवलेलं असतं.

कंटेनरमध्ये किती माल मावेल हे त्या मापावरून ठरतं, त्यावरून एका नगामागचं भाडं आणि भाड्यावरून त्याच्या दुकानातली किंमत. म्हणजे त्याने विचारलं ते उगाच नव्हतं. संस्थेच्या अहवालात मात्र ही चौकशी यशस्वी म्हणून मोजली जाते.

हा लेख अशा संस्थेत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे. तिचं नाव चेंबर असो, प्रांतिक निर्यात मंडळ असो की गुंतवणूक कक्ष. निर्यातदारांनीही वाचायला हरकत नाही. संस्थेकडून काय मागायचं ते कळेल.

संस्थेच्या हातात काय असतं

माल तिचा नसतो, कारखाना तिचा नसतो आणि करात सवलत देण्याचा अधिकारही सहसा तिच्याकडे नसतो. असतात त्या तीन गोष्टी: माहिती, ओळखी आणि पाठपुरावा. माहिती आता बरीचशी कुणालाही मिळते. ओळखी जमायला वर्षं लागतात. पाठपुरावा मात्र पहिल्या दिवसापासून करता येतो, आणि नेमका तोच होत नाही.

कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या मार्सेय बंदराच्या व्यापाऱ्यांनी १५९९ मध्ये आपलं चेंबर स्थापन केलं. निर्यातवाढीसाठीच उभारलेल्या संस्थांमध्ये फिनलंडची १९१९ ची संस्था सर्वांत जुनी मानली जाते. जपानची जेट्रो १९५८ ची, कोरियाची कोट्रा १९६२ ची. जिनिव्हातलं आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्र, म्हणजे आयटीसी, १९६४ मध्ये सुरू झालं.

या सगळ्या राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय संस्था झाल्या. प्रदेशाची वेगळी संस्था कशाला, याचं चांगलं उत्तर आयर्लंडच्या पश्चिमेला मिळतं. अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधन भरायला शॅननला उतरायची. लांब पल्ल्याची जेट विमानं आली तसा हा थांबा अनावश्यक होऊ लागला आणि विमानतळावर पोट असलेला सगळा परिसर धोक्यात आला. तिथल्या खानपान व्यवस्थेचे प्रमुख ब्रेंडन ओरीगन यांनी १९४७ मध्येच तिथे ड्युटी-फ्री दुकान काढलं होतं. विमानतळावरचं जगातलं ते पहिलं मानलं जातं. त्यांच्याच पुढाकाराने १९५९ मध्ये प्रादेशिक विकास कंपनी आणि मुक्त व्यापार क्षेत्र उभं राहिलं. परदेशातून कच्चा माल आणा, इथे वस्तू बनवा आणि पुन्हा बाहेर पाठवा, असा बेत. विमानं कमी होणार याची धास्ती राजधानीतल्या फायलीपेक्षा धावपट्टीशेजारच्या माणसांना आधी आणि जास्त होती. प्रादेशिक संस्थेचं बळ असं जवळून दिसण्यात असतं.

पहिली पायरी: आपल्याकडे काय आहे ते कोडनिशी लिहा

‘आमच्याकडे अभियांत्रिकी उद्योग मोठा आहे’ हे वाक्य भाषणात शोभतं, पण त्यावर खरेदीदार शोधता येत नाही. शोध एचएस कोडवर होतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही वर्गीकरण पद्धत १९८८ पासून लागू आहे. कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले ठरवतो. यादी ठरावीक वर्षांनी बदलते. सध्याची आवृत्ती २०२२ ची आहे.

कोड कारखान्यावरून ठरत नाही, वस्तूवरून ठरतो. एकाच स्टीलच्या पत्र्यापासून वाडगे, चमचे आणि सुऱ्या बनवणारा कारखाना घ्या. वाडगे ७३२३ मध्ये जातात, चमचे ८२१५ मध्ये आणि टेबलावरच्या सुऱ्या ८२११ मध्ये. मालक म्हणतो, ‘आम्ही स्टीलची भांडी करतो.’ पण समोरच्या देशात या तिन्हींवर आयातशुल्क वेगवेगळं असू शकतं. प्रत्यक्ष कारखान्यात जाऊन, माल हातात घेऊन ही यादी करावी लागते. फॉर्म पाठवून भरून घेतलेली यादी निम्मी चुकीची निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

त्याच भेटीत आणखी काही गोष्टी विचारून घ्या. सध्याच्या ऑर्डरी भागवून महिन्याला किती क्षमता शिल्लक राहते? परदेशी मेलला एका दिवसात उत्तर देणारं माणूस आहे का, आणि ते रजेवर गेलं तर कोण? पैसे तीन महिने उशिरा आले तर कारखाना तग धरेल का? शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर सहसा पहिल्या भेटीत मिळत नाही.

यातून तीन गट पडतात: आधीच निर्यात करणारे, थोड्या मदतीने करू शकणारे आणि अजून वेळ लागणारे. संस्थांचा ओढा पहिल्या गटाकडे असतो, कारण त्यांचे आकडे मोठे असतात आणि फोटोही चांगले येतात. पण लॅटिन अमेरिकेतल्या निर्यात संस्थांवर झालेले अभ्यास सांगतात की मदतीचा परिणाम लहान कंपन्यांवर जास्त दिसतो, तोही नवा देश किंवा नवी वस्तू जोडण्यात. मोठ्या निर्यातदाराला तुमची गरज कमीच असते. तेव्हा वेळ आणि पैसा मधल्या गटावर लावा.

दुसरी पायरी: थोड्या बाजारपेठा निवडा

तीन-चार वस्तू आणि प्रत्येकीसाठी दोन-तीन देश, एवढंच. आयटीसीच्या ट्रेड मॅपसारख्या साधनावर कोणता देश कोणती वस्तू किती आणि कुठून घेतो ते सहा अंकी कोडपर्यंत पाहता येतं. इथे एक युक्ती कामाची आहे. आपल्या देशाचे निर्यातीचे आकडे पाहण्याऐवजी समोरच्या देशाचे आयातीचे आकडे पाहा. आयातीवर शुल्क असतं, म्हणून ती नोंद सहसा अधिक काटेकोर असते. मात्र मोठ्या बंदरांच्या देशांबाबत सावध राहा. रॉटरडॅमला उतरलेला सगळा माल नेदरलँड्समध्येच खपतो असं नाही. त्यातला बराचसा पुढे जातो.

मोठ्या आयातदार देशाला भुलून जाण्यापेक्षा आपला माल तिथे कोणत्या अटीवर अडकेल ते आधी शोधा. युरोपात रसायनांसाठी ‘रीच’ नियम आहेत. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा मालावर कार्बन समायोजन यंत्रणा, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार, ऑक्टोबर २०२३ पासून माहिती कळवण्यापुरती होती, १ जानेवारी २०२६ पासून तिचा आर्थिक टप्पा सुरू झाला. अमेरिकेला खाद्यपदार्थ पाठवायचे तर कारखान्याची एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे, नोंदणी लागते आणि ती दर सम वर्षी नव्याने करावी लागते. आणि सगळ्यात साधी, म्हणून सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे लाकडी पॅलेट, खोके रचायची फळ्यांची चौकट. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर किमान ३० मिनिटं तापवून किंवा मान्य पद्धतीने धुरी देऊन त्यावर ठरलेला शिक्का मारावा लागतो. आतला माल निर्दोष, पण पॅलेटवर शिक्का नाही म्हणून कंटेनर बंदरातच अडकलेला, हा प्रसंग या धंद्यात कुणालाच नवा नाही.

प्रत्येक वस्तू-देश जोडीसाठी दोन पानांचं टिपण करा: शुल्क, मूळ देशाच्या दाखल्याची अट, लागणारी प्रमाणपत्रं, लेबलाची भाषा, वाहतुकीचे दिवस. चाळीस पानांचा अहवाल कुणी उघडत नाही.

तिसरी पायरी: किंमत आणि कागद

निर्यातीची किंमत म्हणजे स्थानिक किंमत अधिक भाडं, असं मानणारे फसतात. कोणत्या ठिकाणापर्यंतचा खर्च आणि कुठपर्यंतची जोखीम विक्रेत्याची, हे इन्कोटर्म्स नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींवरून ठरतं. २०२० च्या आवृत्तीत असे अकरा प्रकार आहेत. सवयीने सगळे एफओबी लिहितात, म्हणजे माल जहाजावर चढवून देईपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची. पण एफओबी जहाजावर थेट चढणाऱ्या मालासाठी आहे. कंटेनर बंदराच्या यार्डात सोपवला की तो आपल्या ताब्यातून जातो, पण एफओबीमध्ये जोखीम तो जहाजावर चढेपर्यंत आपलीच राहते. मधले दोन-चार दिवस माल दुसऱ्याच्या ताब्यात आणि नुकसान आपल्या माथी. कंटेनरसाठी एफसीए योग्य, त्यात ठरल्या जागी माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की आपली जोखीम संपते, आणि हे सांगायला संस्थेला एक रुपयाही खर्च येत नाही.

लेटर ऑफ क्रेडिटवर मात्र संस्थेने अर्धा दिवस तरी प्रत्यक्ष कागद समोर ठेवून शिकवावं. एलसी म्हणजे बँकेचं वचन, पण ते वचन मालावर नाही, कागदांवर असतं. यूसीपी ६०० या एलसीसाठीच्या, २००७ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँकेला कागद तपासायला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात. एलसीमध्ये वेगळी मुदत दिली नसेल, तर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद सादर करावे लागतात, तेही एलसीची मुदत संपायच्या आत. इन्व्हॉइसमधलं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे.

समजा एलसीत लिहिलंय: ‘स्टेनलेस स्टीलचे सूपचे चमचे, ग्रेड ३०४’. कारखान्याचा कारकून रोजच्या सवयीने इन्व्हॉइसवर ‘स्टेनलेस स्टील कटलरी’ एवढंच लिहितो. माल तोच, दर्जा तोच, पोहोचलाही वेळेत. बँक विसंगतीची नोंद करते आणि पैसे द्यायचे की नाही ते आता खरेदीदाराच्या मर्जीवर जातं. तेवढ्यात बाजारभाव उतरलेला असेल तर तो सवलत मागतो. म्हणून एलसी आली की माल भरायच्या आधी ती ओळीओळीने वाचायची, आणि न जमणारी अट लगेच दुरुस्त करून घ्यायची. संस्थेत एक माणूस हे वाचून देणारा असेल तर लहान निर्यातदार तुमचं नाव काढतील.

चौथी पायरी: खरेदीदारापर्यंत पोहोचणं

हॅनोव्हरचं औद्योगिक प्रदर्शन १९४७ पासून आणि चीनमधला कँटन फेअर १९५७ पासून भरतो आहे. म्हणजे समोरासमोर भेटण्याची गरज मेलने आणि व्हिडिओ कॉलने संपवलेली नाही. पण प्रदर्शनात स्टॉल घेणं हे काम नव्हे, त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं ते काम. जाण्याआधी तीन-चार महिने खरेदीदारांची यादी काढून भेटीच्या वेळा ठरवायच्या. ‘स्टॉलवर येतीलच कुणीतरी’ या भरवशावर गेलेले बहुतेक एकमेकांचाच चहा पिऊन परततात.

स्टॉलवर मिळालेल्या प्रत्येक व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तिथेच, पेनाने, तीन गोष्टी लिहा: काय मागितलं, किती मागितलं, आपण काय द्यायचं कबूल केलं. संध्याकाळी हॉटेलवर लिहू म्हटलं तर सत्तर कार्डांतले कोण कोण ते आठवत नाही. परतल्यावर नव्हे, त्याच रात्री पहिला मेल जावा. सॅम्पल आठवड्यात निघावं. महिन्याने संस्थेने प्रत्येक कारखान्याला फोन करून विचारावं की कुठपर्यंत आलं. निर्यात झाली का हे त्या दिवशी विचारू नका. पहिली ऑर्डर यायला वर्ष जाणं यात वावगं काही नाही.

ऑर्डरचा परिणाम पैशापुरता राहत नाही, याचा एक सुंदर पुरावा इजिप्तमधल्या फुवा गावातून येतो. तिथल्या हातमागावर गालिचे विणणाऱ्या छोट्या उद्योगांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने परदेशी ऑर्डरी मिळवून दिल्या आणि बाकीच्यांशी तुलना केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ऑर्डर मिळालेल्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. शिवाय विणकामाचा दर्जाही सुधारला, कारण खरेदीदाराकडून आणि मधल्या व्यापाऱ्याकडून चुका कळत गेल्या. म्हणजे ‘आधी दर्जा सुधारा, मग निर्यात पाहू’ हा क्रम नेहमीच बरोबर नसतो. खरेदीदाराच्या तक्रारीची प्रत संस्थेकडे येऊ द्या. प्रशिक्षणाचा विषय त्यातच सापडतो.

परदेशी गुंतवणूक: याचकाचा नव्हे, यजमानाचा धंदा

गुंतवणुकीच्या बाजूला संस्था नेमकी उलट चूक करते. निर्यातीत ती फार वाट पाहते, इथे फार धावते. जगभर रोड शो, चकचकीत पुस्तिका, ‘गुंतवणुकीला पोषक वातावरण’. ही पुस्तिका कुठल्याही प्रदेशाचं नाव बदलून चालवता येते आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

नेमकेपणाचा फायदा मोजलेला आहे. हार्डिंग आणि जावोर्चिक या अर्थतज्ज्ञांनी २०११ मधल्या अभ्यासात शंभराहून जास्त देशांतल्या गुंतवणूक संस्था तपासल्या. संस्थांनी जी क्षेत्रं ठरवून लक्ष्य केली, तिथे अमेरिकी कंपन्यांची गुंतवणूक इतर क्षेत्रांच्या दुपटीहून अधिक आली. विशेष म्हणजे हा परिणाम विकसनशील देशांत दिसला. जिथे माहिती मिळणं अवघड आणि कागदपत्रांचा गुंता जास्त, तिथे संस्थेचा उपयोग जास्त.

कोस्टा रिकाचं उदाहरण या क्षेत्रात सारखं दिलं जातं, पण त्यातला कामाचा भाग क्वचितच सांगितला जातो. १९८२ मध्ये स्थापन झालेली सिंदे ही छोटी खासगी संस्था इलेक्ट्रॉनिक्सच्या मागे लागली होती. इंटेलने आपला चिप जोडणी-चाचणीचा कारखाना तिथे काढायचा निर्णय नोव्हेंबर १९९६ मध्ये जाहीर केला. त्याआधीच्या महिन्यांत इंटेलच्या माणसांनी विचारलेले प्रश्न करसवलतीपुरते नव्हते. वीज पुरेल का, तंत्रज्ञ कुठून मिळतील, विमानाने माल किती वेळा निघेल. संस्थेने प्रत्येक प्रश्नाला त्या त्या खात्याचा माणूस समोर बसवला. तांत्रिक संस्थांनी अभ्यासक्रम बदलायची तयारी दाखवली. २०१४ मध्ये इंटेलने तिथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं आणि सुमारे दीड हजार नोकऱ्या गेल्या, पण तोवर वैद्यकीय उपकरणांचे कारखाने उभे राहिले होते.

स्थळभेट हा सगळ्यात नाजूक दिवस. गुंतवणूकदाराची दोन-तीन माणसं येतात, त्यांच्याकडे दीड दिवस असतो. स्वागत समारंभ, पुष्पगुच्छ आणि भाषणं यांत अर्धा दिवस गेला की ते घड्याळाकडे बघू लागतात. मार्ग आदल्या आठवड्यात स्वतः गाडीने त्याच वेळेला जाऊन पाहा: बंदरापासून जागेपर्यंत खरोखर किती मिनिटं लागतात, जड वाहन वळतं का. जागेवर वीजखात्याचा अभियंता हवा, मंत्री नसले तरी चालतील. सबस्टेशनची शिल्लक क्षमता, पाण्याचा दाब, सांडपाणी कुठे जाणार, जमिनीवर दावा आहे का, याची उत्तरं कागदावर तयार ठेवा. आणि आधीपासून तिथे काम करणाऱ्या एखाद्या परदेशी कारखान्याच्या व्यवस्थापकाबरोबर त्यांचं जेवण ठेवा, संस्थेचं कुणीही सोबत न बसता. तो अडचणीही सांगेल, सांगू दे. अडचणी ऐकूनही टिकलेला माणूस समोर दिसला की विश्वास बसतो. एखादं उत्तर माहीत नसेल तर ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणा आणि दुसऱ्याच दिवशी कळवा.

आलेल्याला विसरू नका

कारखान्याची कोनशिला बसली की संस्थेची फाईल बंद होते, आणि हीच सगळ्यात महागडी चूक. नवी गुंतवणूक आणण्यापेक्षा आलेल्याने वाढवलेली गुंतवणूक स्वस्त पडते. मलेशियातल्या पेनांग बेटाचं मुक्त, म्हणजे शुल्क न लागणाऱ्या, बंदराचं स्थान १९६९ मध्ये गेलं, त्याच वर्षी तिथे विकास महामंडळ स्थापन झालं आणि १९७२ मध्ये बायान लेपासला मुक्त व्यापार क्षेत्र आलं. पहिल्या फळीत इंटेलसकट मोजक्या कंपन्या आल्या. पण ते बेट टिकलं ते पुढच्या कामामुळे. १९८९ मध्ये उद्योगांनीच पुढाकार घेऊन तिथे कौशल्य विकास केंद्र काढलं. कारखान्यांना कोणते कारागीर हवेत हे त्या कारखान्यांनीच ठरवलं.

म्हणून प्रत्येक परदेशी कारखान्याला वर्षातून दोनदा भेटा. एकच प्रश्न विचारा: तुमच्या मुख्यालयाला विस्ताराचा प्रस्ताव पाठवायचा झाला, तर आमच्याकडची कोणती गोष्ट आड येईल? व्हिसाची मुदतवाढ, कस्टम्समधला एखादा वाद, रात्रपाळीची बस. उत्तरं अशीच किरकोळ असतात, आणि सुटण्यासारखी.

निर्यात आणि गुंतवणूक इथे एकत्र येतात. त्या कारखान्याला खोके, साचे, स्प्रिंग, दुरुस्ती लागते. पहिल्या पायरीतली कोडनिशी यादी घेऊन त्यांच्या खरेदी विभागात जा. लहान कारखानदाराला परदेशी दर्जाची पहिली तपासणी घराजवळ मिळते, पुढे तोच माल बाहेर पाठवणं सोपं जातं.

पैसे वाटताना आणि मोजताना

निर्यात केली तर अनुदान, अशी थेट अट घालू नका. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या करारात निर्यातीशी बांधलेली अनुदानं निषिद्ध आहेत. काही गरीब देशांना सूट आहे, इतरांच्या मालावर समोरचा देश प्रतिशुल्क, म्हणजे अनुदानाचा फायदा पुसून टाकणारं जादा आयातशुल्क, लावू शकतो. योजना आखताना व्यापार कायद्याच्या जाणकाराला आधी दाखवा.

मोजताना सामंजस्य करारांचे आकडे बाजूला ठेवा. ते सह्यांचे आकडे असतात, पैशांचे नाहीत. परदेशी थेट गुंतवणूक म्हणायला मतदानाचा निदान १० टक्के हिस्सा असावा लागतो, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ती किती आली हे वर्षांनी कळतं. तोवर मोजण्यासारखं दुसरं आहे: चौकशीला पूर्ण उत्तर जायला किती तास लागले, किती नव्या कारखान्यांनी पहिल्यांदा माल पाठवला आणि त्यातल्या कितींनी दुसऱ्यांदा. दुसरी खेप हा मला सगळ्यात खरा आकडा वाटतो. पहिली ऑर्डर कुतूहलाने मिळू शकते.

नोंदवहीत यासाठी दोन रकाने पुरतात: पुढचं पाऊल कुणाचं, आणि कोणत्या तारखेला. सोमवारी सकाळी अर्धा तास सगळ्यांनी बसून ती वाचायची. जिथे तारीख उलटून गेली आहे, तिथे चर्चा करायची नाही. त्याच खोलीतून, सगळ्यांसमोर, कारखान्याला फोन लावायचा आणि खोक्याचं माप लिहून घ्यायचं.